घर ते घर किती तास?

सांगली,
१२ ऑक्टोबर २०२५

प्रिय बाळ्या,

पोचलो. ‘चौदा तासांत घरी गेलास की!’ असं तू फोनवर म्हणालास, तेव्हा अर्धवट झोपेत होतो म्हणून वाचलास. चौदा तास नुसत्या विमानाचे. तुझ्या न्यूयॉर्कच्या दारातून माझ्या दारात यायला तीस लागले, आणि त्यातले नऊ मुंबई–सांगलीच्या पावणेचारशे किलोमीटरनी खाल्ले. पनवेल येईपर्यंतच जीव मेटाकुटीला आला.

काल काकूंकडे गेलो होतो. तुझा शाळेतला पृथ्वीगोल अजून कपाटावर आहे. शिलाई मशीनच्या खणातला काळा दोरा काढला आणि मुंबई ते न्यूयॉर्क ताणून धरला. काकू म्हणाल्या, ‘अमेरिका पश्चिमेला ना रे? मग हा वर कुठं निघाला?’ दोरा मॉस्कोजवळून, आइसलँडवरून, ग्रीनलंडच्या खालच्या टोकाजवळून उतरला. जवळची वाट तीच, साधारण १२,५०० किलोमीटर. भिंतीवरच्या नकाशात मात्र तीच वाकडी दिसते.

अर्थात विमान काही दोरा धरून जात नाही. तुझ्याकडे येताना समोरच्या पडद्यावर बघतोय, तर स्वारी ओमानच्या बाजूला. पाकिस्तानचं आकाश आपल्या कंपन्यांना एप्रिलपासून बंद. अमेरिकेच्या कंपन्यांना २०२२ पासून रशियाचं. खाली कुणाचं भांडण, वर आपले पाय आखडतात.

आणि वारा! येताना सोळा तास, जाताना चौदा, असं का, हे तू विचारलंस. अरे, आषाढात आपण डबलसीट हरिपूरला जायचो ते आठव. जाताना पश्चिमेचं वारं छातीवर, मी उभा राहून पायडल मारतोय आणि तू मागं बसून चिंचा खातोयस. परतताना पायडल न मारता सायकल पळायची. दहा-बारा किलोमीटर उंचीवर तसंच जोराचं वारं पश्चिमेकडून पूर्वेला वाहतं. पडद्यावर जमिनीवरचा वेग येताना ताशी ८२० होता, परतताना १,०४० पर्यंत चढला. एअर इंडियाने तर २०१६ मध्ये दिल्ली–सॅन फ्रान्सिस्को विमान अटलांटिक सोडून पॅसिफिकवरून न्यायला सुरुवात केली. अंतर हजारभर किलोमीटरहून जास्त वाढलं, पण वारं पाठीशी असल्यानं वेळ उलट वाचला. सायकलवर आपल्याला हे कळत होतं, फक्त हरिपूरला जायला दुसरा रस्ता नव्हता.

काकूंना मी १२,५०० हा आकडा मोठ्या ऐटीत सांगितला. त्यांनी तो ऐकून न ऐकल्यासारखा केला. ‘त्याच्याकडं आत्ता किती वाजले?’ एवढंच विचारलं आणि माझ्या उत्तराची वाट न बघता स्वयंपाकघरात बघायला गेल्या. फ्रिजवर एक दुसरं घड्याळ आहे, तुला माहीत नसेल. साडेनऊ तास मागं लावलेलं.

नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी तुमची घड्याळं तासभर मागं जातात. त्या दिवशी हेही मागं करायला येतो, असं त्यांना सांगून आलोय.

तुझा,
सुध्या