न कळवता बदललेल्या पीयू हार्डनरबद्दल तक्रार

प्रति,
प्रमुख, ग्राहक सेवा विभाग

महोदय,

ओशिवऱ्यात माझा फर्निचरचा कारखाना असून गेली नऊ वर्षे मी आपलेच पांढरे पीयू (पॉलियुरेथेन रंग) वापरत आलो आहे. दादरच्या एका ग्राहकाकडे पश्चिमेच्या गॅलरीत बसवलेल्या कपाटाचे पल्ले अवघ्या चार महिन्यांत पिवळे पडले. मी स्वतः जाऊन एका पल्ल्याची मूठ काढली, तेव्हा तिच्याखालची रुपयाएवढी जागा पहिल्या दिवसाइतकी शुभ्र निघाली. नंतर शिल्लक असलेल्या जुन्या लॉटची आणि नव्या लॉटची एकेक पाटी रंगवून महिनाभर गच्चीवर ठेवली. जुनी तशीच राहिली, नवी पिवळी पडली.

आपल्या तंत्रज्ञांना फोन केल्यावर कळले की हार्डनरमध्ये, म्हणजे रंगात मिसळून तो कडक करणाऱ्या द्रवात, आता एचडीआय या रसायनासोबत टीडीआय हे दुसरे रसायनही मिसळले जाते. टीडीआय अ‍ॅरोमॅटिक (रेणूत बेंझिनचे वलय असलेले) असल्यामुळे कोट लवकर सुकतो आणि कडकही होतो, पण उन्हात तो पिवळा पडतो, हे आपल्याला मी सांगायला नको. नव्या लॉटवर पाणकागद (घासण्याचा कागद) लवकर चालू लागला म्हणून आम्ही खूश झालो होतो; त्यामागचे कारण आता समजले.

मिश्र हार्डनरला माझा विरोध नाही. एचडीआयमध्ये आयपीडीआय हे रसायन मिसळूनही कडकपणा वाढवता येतो आणि दोन्ही अ‍ॅलिफॅटिक (असे वलय नसलेली) असल्याने पांढरा रंग टिकतो. घराच्या आतल्या गडद पॉलिशसाठी टीडीआयचे मिश्रणही चालेल. परंतु डब्यावर ‘पिवळे न पडणारे’ हे शब्द तसेच ठेवून आतला माल बदलणे ही ग्राहकाची सरळ फसवणूक आहे.

शिवाय मिसळण्याचे प्रमाणही पूर्वीचेच छापले आहे. हार्डनरमधील एनसीओचे (रंगाशी जोडला जाणाऱ्या क्रियाशील घटकाचे) प्रमाण बदलले असेल, तर बेसशी, म्हणजे मूळ रंगाशी, त्याचा हिशेब नव्याने मांडावा लागतो; हार्डनर कमी पडला तर कोट नरम राहतो आणि त्यावर चहाचेही डाग बसतात. मुंबईच्या पावसाळ्यात हवेतील ओलावाच काही एनसीओ खाऊन टाकतो, म्हणून आम्ही हार्डनर किंचित जास्त धरतो. खरा आकडाच हाती नसेल, तर कारागिराने तो किती धरायचा?

तरी नव्या लॉटमधील एनसीओचे प्रमाण व मिश्रणाची माहिती मला लेखी कळवावी, न उघडलेले अकरा डबे बदलून द्यावेत, आणि दादरचे पल्ले खरवडून पुन्हा रंगवण्याचा सोबत जोडलेल्या बिलाप्रमाणे होणारा खर्च पंधरा दिवसांत द्यावा. दोन्ही पाट्या व उघडलेला डबा मी जपून ठेवले आहेत. आपला माणूस कधीही येऊन पाहू शकतो.

आपला,
एक जुना ग्राहक
ओशिवरा, मुंबई