नवं शेजारी बांधा, जुनं राहू द्या

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या उन्हाळ्यात मुलाकडे नॉर्वेला गेले होते, तेव्हा लेर्दाल खोऱ्यातलं बोर्गुंडचं लाकडी चर्च पाहिलं. जवळ गेल्यावर आधी डांबराचा वास आला. पाइनची राळेने भरलेली मुळं भट्टीत धुमसवून काढलेलं हे डांबर भिंतींना आणि छपराच्या लाकडी फळ्यांना आजही लावतात. उन्हाच्या अंगाला ते लवकर उडतं, म्हणून तिथे पुन्हा पुन्हा हात मारावा लागतो.

या चर्चचं लाकूड ११८०-८१ च्या हिवाळ्यात तोडलेलं आहे, हे खोडातल्या वर्षवलयांवरून कळलं. ते इतकं कसं टिकलं, हे कोकणी माणसाला लगेच उमगेल. खाली दगडी जोतं, त्यावर आडव्या तुळया आणि तुळयांत बसवलेले खांब. त्याआधीच्या चर्चचे खांब मातीत पुरलेले असत. ते कुजून गेले.

अशी चर्चं तिथे शेकड्यांनी होती, आज २८ उरली आहेत. बरीच आधीच गेली होती. त्यात १८५१ चा कायदा आला: गावच्या चर्चमध्ये वस्तीतली दहापैकी तीन माणसं मावलीच पाहिजेत. जुनी चर्चं लहान, त्यामुळे पाडापाडी वाढली. ‘गोल’ नावाच्या गावचं चर्च उचलून ऑस्लोला नेलं, ते आता तिथल्या संग्रहालयात आहे. बोर्गुंडकरांनी मात्र १८६८ मध्ये नवं चर्च शेजारी उभं केलं आणि जुन्याला हात लावला नाही. पुढे १८७७ मध्ये जुन्या वास्तू जपणाऱ्या एका संस्थेने ते विकत घेतलं. आजही तीच सांभाळते.

हे लिहायचं कारण आमच्या गावचं देऊळ. फणसाचे कोरीव खांब आणि कौलारू सभामंडप पाडून स्लॅब टाकायचं घाटत आहे. कारण तेच, उत्सवाला माणसं मावत नाहीत. अडचण खरी आहे, मी स्वतः पावसात बाहेर उभी राहिले आहे. पण देवळाच्या उत्तरेला देवस्थानचीच मोकळी जागा पडून आहे. नवा मंडप तिथे बांधावा, आणि वर्गणीतला काही भाग दरवर्षी खांबांना तेलपाणी करायला, फुटकी कौलं बदलायला बाजूला काढावा, एवढी गावकऱ्यांना कळकळीची विनंती आहे. खांब एकदा कापले की ते पुन्हा उभे करणारे सुतार आता आमच्याकडे नाहीत.

आपली,
एक वाचक, रत्नागिरी