वाढदिवस असलेल्या माणसावर लक्ष ठेव

प्रिय ताई,

फोनवर आभार मानले की तू "बरं बरं, जेवलीस का?" म्हणून विषय बदलतेस. म्हणून हे पत्र, आणि तेही चारचौघांत. सगळ्यांनी वाचलं की तुला ते झटकून टाकता येणार नाही. शिवाय दर वर्षी परीक्षा संपली की 'हिमालयातल्या ट्रेकवर काही काम मिळेल का' असं विचारत फिरणारी माझ्यासारखी पोरं बरीच असतात. कोणाला विचारावं आणि काय विचारावं, हे त्यांना तरी कळेल. तुझं नाव लिहीत नाही. ओळखणारे ओळखतील.

मी तुला पहिला मेसेज केला तेव्हा त्यात मी पाहिलेल्या किल्ल्यांची भलीमोठी यादी होती. यादीबद्दल तू एक शब्द काढला नाहीस. तुझे प्रश्न वेगळेच होते. प्रथमोपचाराचं प्रशिक्षण झालंय का? रात्री दोनला उठवलं तर चिडतेस का? रडणाऱ्या माणसाजवळ गप्प बसता येतं का? मग म्हणालीस, "कळसूबाई 1,646 मीटर. आपलं सगळ्यात उंच शिखर जिथे संपतं, त्याच्याही वर मनालीचा बाजार भरतो. तेव्हा किल्ल्यांचं कौतुक घरी ठेवून ये." मला राग आला होता. दोन दिवस मी तुला उत्तर दिलं नाही आणि तूही विचारलं नाहीस. तिसऱ्या दिवशी मी प्रथमोपचाराच्या वर्गाची पावती पाठवली, तेव्हा तुझा लगेच फोन आला.

त्या फोनवर तू सांगितलेली एक गोष्ट प्रत्येक नव्या मुलामुलीने लिहून ठेवावी अशी आहे. डोंगराच्या प्रेमापोटी फुकट राबायला तयार होऊ नकोस, असं तू बजावलंस. मानधन किती, विमा कोणाचा, राहणं-खाणं कोणाकडे, परतीचा प्रवास कोणाच्या खर्चाने, हे सगळं आधी लेखी घे. तू स्वतः तिथे ट्रेकचा बेस कॅम्प सांभाळणारी, म्हणजे एका अर्थी मालकाच्या बाजूची. तरी माझ्या वतीने ते चार मुद्दे तूच मांडलेस. कामाच्या पहिल्याच ठिकाणी मला हे शिकायला मिळालं, हे माझं नशीब.

मग आईचा फोन. तू तिला उंची, थंडी, डॉक्टर, गाडी, सगळं समजावून सांगत होतीस आणि ती शांतपणे हूं हूं करत होती. शेवटी तिने एकच विचारलं, "म्हणजे यंदा एकविसावा वाढदिवस घरी नाही?" तुझ्याकडे या प्रश्नाचं उत्तर नव्हतं. तू तसं सांगितलंस, आणि आईला तेच आवडलं.

आता मुख्य गोष्टीकडे येते. हामटा पास, म्हणजे मनालीजवळची खिंड, तिथल्या ट्रेकच्या पहिल्या बॅचच्या आदल्या रात्री तू फॉर्मांचा गठ्ठा माझ्यापुढे टाकलास आणि जन्मतारखांवर खूण करायला सांगितलीस. मला वाटलं, केकची तयारी. मी हिशेब करून पाहिला होता: वीस जणांची बॅच पाच दिवस डोंगरात असेल, तर त्या दिवसांत निदान एकाचा वाढदिवस येण्याची शक्यता 24 टक्क्यांच्या आसपास. म्हणजे चार बॅचमागे एखादीत वाढदिवस. प्रत्यक्षात मात्र जवळजवळ प्रत्येक बॅचमध्ये कोणी ना कोणी होतंच, कधी दोघं. गणित चुकलं नव्हतं. लोक योगायोगाने येत नाहीत, तारीख पाहून येतात. तिशी पासवर, पन्नाशी पासवर. घरी सांगून, फोटोची पाटी रंगवून, सॅकमध्ये फुगे आणि चमकी घेऊन. (ती चमकी आणि पार्टी पॉपर तू जोबरालाच, चढ सुरू होतो तिथे, काढून घ्यायचीस. वर गद्दी मेंढपाळांच्या मेंढ्या चरतात, गवतातली चमकी कोण वेचणार, हा तुझा प्रश्न. एका मुलीने पिशवीतून टिकल्या लपवून नेल्या आणि तू तिला त्या एकेक करून वेचायला लावल्यास, तेही हसत हसत.)

"वाढदिवस असलेल्या माणसावर जास्त लक्ष ठेव," तू म्हणालीस. "डोकं दुखत असलं तरी तो सांगणार नाही."

आजवर मी वाचलेल्या कुठल्याही माहितीपत्रकात हे वाक्य नव्हतं. त्यांत बाकी सगळं असतं. पासच्या 4,270 मीटरवर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या साधारण साठ टक्के उरतो, ऑक्सिजनचं प्रमाण तेच 21 टक्के असलं तरी प्रत्येक श्वासात मिळतो कमी. तीन हजार मीटरच्या वर झोपण्याची उंची एका दिवसात पाचशे मीटरपेक्षा जास्त वाढवू नये. डोकेदुखी, मळमळ, थकवा, चक्कर या चारांना शून्य ते तीन गुण द्यायचे. डोकेदुखीसह बेरीज तीन किंवा जास्त झाली तर तो एएमएस, म्हणजे उंचीचा त्रास. हे सगळं मला पाठ होतं. पण हे गुण माणूस स्वतःच्या तोंडाने सांगतो, आणि ज्याने घरी सांगून ठेवलंय की पन्नासावा वाढदिवस पासवर, तो शून्यच सांगणार. ही साधी गोष्ट मला सुचली नव्हती.

पासच्या खालच्या मुक्कामावरचे, बालू का घेरा इथले ते गृहस्थ आठवतात ना? संध्याकाळी सगळ्यांना हसवत होते. तू मात्र त्यांच्या ताटाकडे पाहत होतीस. राजमा तसाच, भात चिवडलेला. तू तीनदा विचारलंस, तीनदा त्यांनी "एकदम मस्त" म्हटलं. चौथ्यांदा तू त्यांच्या तंबूतल्या जोडीदाराला विचारलंस. दुसऱ्या दिवशी ते वर गेले नाहीत. ते चिडले, पैसे भरल्याचं बोलले, तारखेचं बोलले. तू एवढंच म्हणालीस, "तुमची तारीख मला माहीत होती, म्हणूनच इतक्या वेळा विचारलं." त्यांनी शेवटपर्यंत तुझ्याशी नीट बोलणं टाळलं. तुला त्याचं काही वाटलं नाही. मला वाटलं, अजूनही वाटतं. निदान उतरताना तरी त्यांनी हात मिळवायला हवा होता.

त्या रात्री जेवणाच्या तंबूत तू तेनझिंग नोर्गेंची गोष्ट सांगितलीस. त्यांना स्वतःची जन्मतारीख नेमकी माहीत नव्हती. 1953 साली 29 मे रोजी ते एव्हरेस्टवर पोचले आणि पुढे 29 मे हाच वाढदिवस मानू लागले. "हा खरा शहाणा," तू म्हणालीस. "आधी चढला, मग तारीख ठरवली." कोणीतरी बचेंद्री पाल यांचं नाव काढलं. त्या 23 मे 1984 रोजी चढल्या, तिसाव्या वाढदिवसाच्या आदल्या दिवशी. तुझं उत्तर तयारच होतं: "बघा, एक दिवस थांबल्या नाहीत. हवा चांगली होती, निघाल्या."

काम म्हणजे बॅकलीडचं. सगळ्यात शेवटच्या माणसाच्या मागे चालायचं. याबद्दल फार लिहीत नाही. बॅकलीड केलेल्यांना ते माहीत आहे आणि न केलेल्यांना सांगून कळत नाही. दिवसभर एकाच माणसाचे बूट दिसतात. केकची गोष्ट मात्र लिहायलाच हवी. स्वयंपाकी भैया शिट्टी आणि रबर काढलेल्या कुकरमध्ये, तळाशी मिठाचा थर देऊन केक करायचे. खाली घरी घालतो त्या मापाने बेकिंग पावडर घातली तर तिथे केक भसकन फुगतो आणि मधोमध बसतो, कारण हवेचा दाब कमी, बुडबुडे मोठे. पाणीसुद्धा चिकाला, जोबरानंतरच्या मुक्कामाला, नव्वद अंशांच्या आसपासच उकळतं. भैयांना यातलं कारण कोणी सांगितलं नव्हतं, माप मात्र चोख माहीत होतं. मी ते वहीत उतरवून घेतलं आणि घरी आल्यावर त्याच मापाने केक केला. दगड झाला.

आणि मग माझी तारीख.

तुला माहीत होती, कारण माझाही फॉर्म त्याच गठ्ठ्यात होता. नेमका पासचाच दिवस. मी कोणाला बोलले नव्हते, पण मनात होतंच. त्या पहाटे तू मला तंबूबाहेर बोलावलंस. बॅचमधल्या एका बाईंना रात्री उलट्या झाल्या होत्या, गोळीने डोकं थांबत नव्हतं. तू त्यांना सरळ रेषेत टाचेला चवडा लावून चालायला सांगितलंस, आणि दुसऱ्याच पावलाला त्या कलल्या. असा तोल जाणं म्हणजे त्रास मेंदूपर्यंत पोचल्याची खूण. आता थांबणं नाही, गुण मोजणं नाही, थेट खाली. तू घड्याळ पाहिलंस आणि मला म्हणालीस, "तू नेतेस. गाइड आणि ऑक्सिजनचा सिलिंडर सोबत. चिकाला थांबू नका, जोबरापर्यंत जा, तिथून गाडीने दवाखान्यात."

या सगळ्यात मला सगळ्यात जास्त आवडलेली गोष्ट अशी: "तुझा वाढदिवस आहे, चालेल ना?" असं तू विचारलं नाहीस. विचारलं असतंस तर मी हो म्हटलं असतं, आणि मग तो दिवस माझ्या त्यागाचा झाला असता. मी तो वर्षानुवर्षं मिरवला असता. तू काम दिलंस, बस्स. त्या बाईंच्या डाव्या हाताला मी, पुढे गाइड त्यांची सॅक घेऊन. टॉर्चच्या उजेडात पाण्यातले दगड शोधत आम्ही उतरलो. चिकाच्या अलीकडे त्यांनी पहिल्यांदा आपणहून वाक्य बोललं: चहा मिळेल का? उंची कमी होताच माणूस कसा परत येतो हे मी वाचलं होतं. त्या दिवशी ते हाताला जाणवलं, कारण त्यांची माझ्या मनगटावरची पकड बदलली.

दवाखान्यातल्या फॉर्मवर 'सोबतच्या व्यक्तीचे नाते' असा रकाना होता. मी 'लीडर' लिहिलं. बॅकलीड लिहिलं असतं तर समजावत बसावं लागलं असतं. बाईंना ऑक्सिजन लावला आणि मी बाहेर बाकावर बसले, तोच खिशातला फोन थरथरायला लागला. जोबराच्या वर रेंज नाही. पास ओलांडला असता तर हे मेसेज मला दोन दिवसांनी दिसले असते. आईचा फोन लागला. तिने "कुठे आहेस?" विचारलं, मी "दवाखान्यात" म्हणाले, आणि पुढची पाच मिनिटं कशी गेली ते तूच कल्पना कर. त्यानंतर मात्र आम्ही निवांत बोललो. एकविसाव्या वाढदिवशी आईशी तासभर गप्पा झाल्या, मनालीतल्या एका बाकावर, बुटांत पाणी.

तुम्ही पासपलीकडे छत्रूला उतरून अटल बोगद्यातून परत आलात तेव्हा तू वाढदिवसाचं काही बोलली नाहीस. नोंदवहीत मात्र त्या पहाटेच्या ओळीत, वेळ आणि लक्षणांच्या पुढे, 'उतरण, जबाबदार' म्हणून माझं पूर्ण नाव होतं. भैयांनी पासपलीकडच्या मुक्कामाला, शिया गोरूला, माझ्यासाठी केक केला होता म्हणे. तो तुम्ही सगळ्यांनी मिळून संपवलात आणि मला फोटो दाखवलात. हे मी विसरणार नाही.

माझ्या स्पितीच्या प्रवासाचं थोडक्यात सांगते, कारण तो माझ्या पैशाने झाला आणि त्यात तुझा वाटा फक्त एका चिठ्ठीचा. पण चिठ्ठी कामाची होती: "स्पितीतल्या काझाला जाणारी एसटीसारखी सरकारी बस पहाटे पकड, कुंझुम पासनंतर उजव्या बाजूला बस, काझाला 3,800 मीटरवर तुला त्रास होणार नाही पण पहिल्या दिवशी तरी उड्या मारू नकोस, आणि राहायला अमुक घरी जा, तिथल्या आजींना माझं नाव सांग." आजींनी तुझं नाव ऐकून आधी तुझ्या गुडघ्याची चौकशी केली. त्यांच्या नातवाने मला काझाजवळच्या लांगझाला समुद्री जीवांचे जीवाश्म दाखवले. हिमालय उभा राहण्याआधी तिथे टेथिस समुद्र होता. उचलू मात्र दिले नाहीत, बरं केलं. हिक्किमच्या 4,400 मीटरवरच्या पोस्टातून आईला कार्ड टाकलं. मी घरी पोचल्यावर बऱ्याच दिवसांनी ते आलं.

मनालीच्या गिर्यारोहण संस्थेच्या बेसिक कोर्सचा फॉर्म भरलाय. उत्तरकाशीच्याही तारखा पाहून ठेवल्यात, तू सांगितल्याप्रमाणे. जिथे आधी जागा मिळेल तिथे. आता दोन कामं तुझ्याकडे. तुझं पल्स ऑक्सिमीटर माझ्या सॅकच्या वरच्या कप्प्यात निघालं, कुरिअर कुठे करू ते सांग. आणि नोंदवहीत सगळ्यांच्या जन्मतारखा आहेत, खेचरवाल्याचीसुद्धा, पण तुझी नाही. भैयांना विचारलं, त्यांनाही माहीत नाही. पत्राला उत्तर द्यायचा कंटाळा असेल तर निदान तेवढी तारीख पाठव.

तुझी,
बॅकलीड