पदवी, विंग आणि तुझी धाकटी

दांडिया बाजार, बडोदे

प्रिय बाळ्या,

तुझं पत्र पोचलं. पत्र कसलं, फिर्यादच ती! धाकटीला बारावीनंतर नाटकात जायचंय, तेही नटी व्हायला नाही तर रंगमंच व्यवस्थापन करायला, आणि "म्हणजे खुर्च्याच उचलायच्या ना?" असं वहिनी विचारतात. वहिनींना सांग, खुर्च्याही उचलाव्या लागतात. मी अजून उचलतो.

तू विचारलंयस की तिनं रीतसर शिक्षण घ्यावं की एखाद्या संस्थेत सरळ घुसावं. माझं मत आधीच सांगून टाकतो, नाहीतर तू नेहमीसारखं शेवटचं पान आधी वाचशील. शिकू दे. पण कागदासाठी नको, आणि कर्ज काढून तर मुळीच नको.

कागद कुणी बघत नाही रे. नाटकाला बॅकस्टेजचा माणूस घेताना गुणपत्रिका मागितल्याचं माझ्या तरी कानावर नाही. आधी कुणाबरोबर केलंस, दौरा झेपतो का, नशापाणी नाही ना, एवढंच विचारतात. अमेरिकेतही फार वेगळं नाही. तिथले स्टेज मॅनेजर नटांच्याच संघटनेत येतात, १९१३ साली स्थापन झालेल्या अ‍ॅक्टर्स इक्विटीत. तिथं सभासद व्हायला पदवी लागत नाही, पगारी काम केलेलं लागतं. आणि त्याच देशात येल विद्यापीठात स्टेज मॅनेजमेंटचा स्वतंत्र पदव्युत्तर अभ्यासक्रम आहे, २०२१ पासून तिथल्या नाट्यशाळेनं फीसुद्धा माफ केली. म्हणजे पदवी सक्तीची नाही, तरी शिकवण्यासारखं काहीतरी आहे, असं त्यांनाही वाटतं.

ते काहीतरी म्हणजे काय, ते मी इथल्याच एका नाट्यगृहात पाहिलं. बाहेरगावचा प्रयोग होता. त्यांच्या प्रकाशवाल्यानं हजार वॅटचे बारा दिवे एकाच फेजवर टांगले. बारा किलोवॅट म्हणजे बावन्न अँपिअरच्या आसपास, त्या एका फेजला न झेपणारा भार. दुसरा अंक रंगात आला आणि एमसीबी, म्हणजे भार जास्त झाला की आपोआप बंद होणारा स्विच, पडला. मिट्ट काळोख. थिएटरचा वायरमन, दहावी नापास माणूस, पळत मागे गेला, निम्मे दिवे दुसऱ्या फेजवर टाकले आणि पुरवठा सुरू केला. प्रेक्षकांतून टाळ्यासुद्धा पडल्या. पण लाइटचा बोर्ड परत चालू झाला तो कोरा. कुठला दिवा किती ठेवायचा, काही नाही. प्रकाशवाला घामाघूम.

त्या प्रयोगाला विंगेत एक मुलगी होती, नाट्यशास्त्राची विद्यार्थिनी. तिच्या मांडीवर प्रॉम्प्ट कॉपी. उजव्या पानावर संहिता, डाव्या कोऱ्या पानावर पेन्सिलनं क्यू, म्हणजे दिवे बदलायचे इशारे. प्रत्येक क्यूचा आकडा, तो कुठल्या शब्दावर द्यायचा, आणि खाली दिव्यांची पातळी: चार नंबर साठ टक्के, सात नंबर तीस. ती बोट ठेवून एकेक वाचत गेली, त्यानं हातानं एकेक दिवा चढवला. जिथं थांबलं होतं तिथूनच नाटक सुरू झालं. तो वायरमन नसता तर प्रयोग अंधारात गेला असता, हे खरंच. पण सगळं लिहून ठेवायची खोड त्याला नव्हती. आम्हा जुन्यांपैकी बहुतेकांना नाही, आमचं नाटक आमच्या डोक्यात असतं. मग एखाद्याला ताप आला की नाटकालाच ताप येतो.

नाट्यशाळेत हीच खोड लावतात. नेपथ्याचा नकाशा वाचायचा, मोजपट्टीनं तालमीच्या जागेत तो चिकटपट्टीनं आखायचा, प्रॉपर्टीच्या, म्हणजे नाटकात हाताळायच्या वस्तूंच्या, टेबलावर खाकी कागद घालून प्रत्येक वस्तूची बाह्यरेषा काढून ठेवायची. चष्मा जागेवर नसेल तर रिकामी रेघ लांबूनच दिसते. असल्या गोष्टी दौऱ्यावर कुणी समजावत बसत नाही. दौऱ्यावर फक्त शिव्या मिळतात, आणि त्या कशाबद्दल होत्या ते तुझं तू शोधायचं.

आता आमच्या गावची बढाई मारू दे. सयाजीरावांनी १८८६ साली मौलाबक्षांच्या हाताखाली गायनशाळा काढली. तीच वाढत वाढत आज महाराजा सयाजीराव विद्यापीठाची परफॉर्मिंग आर्ट्सची फॅकल्टी झाली आहे, सुरसागराच्या काठी. तिथं नाट्यविभाग आहे. सरकारी विद्यापीठ, त्यामुळे खाजगी संस्थांसारखं घर विकावं लागत नाही. माझ्या दृष्टीनं तिथला मोठा फायदा म्हणजे वर्षानुवर्षं फुकटात चुकायला मिळतं. धंद्यात पहिल्याच चुकीला 'नाइट', म्हणजे त्या प्रयोगाचे पैसे, कापतात. आणि ती मुलगी आहे म्हणून सांगतो, वहिनींना वाचून दाखव: रात्री दोनला सेट उतरवताना बरोबर ओळखीची चार मुलंमुली असणं वेगळं आणि अनोळखी कंपनीच्या बसमध्ये एकटीनं बसणं वेगळं. ही टोळी कॉलेजातच जमते.

दिल्लीच्या राष्ट्रीय नाट्य विद्यालयाचं तिच्या डोक्यात असेलच. १९५९ सालची संस्था, तीन वर्षांचा अभ्यासक्रम, विद्यार्थ्यांना शिष्यवृत्ती. पण तिथं जायला आधी पदवी लागते आणि नाटकांतला अनुभवही. म्हणजे तो पुढचा विचार. आत्ता त्यावरून घरात भांडू नका.

जे कुठंच शिकवत नाहीत ते मात्र मला जास्त काळजीचं वाटतं. तिसरी घंटा द्यायची वेळ झाली, आणि मोठं नाव असलेला नट अजून आरशासमोर चहा पितोय. त्याला उठवायचं, तेही त्याचा मूड न घालवता. वीस वर्षांच्या पोरीनं. किंवा आमच्या नवरात्रातलं मैदान घे. इथं नाटकापेक्षा मंच सांभाळणाऱ्यांचं पोट गरब्यावर आणि लग्नांच्या इव्हेंटवरच जास्त चालतं, हे तिला आत्ताच कळू दे. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनी रात्री दहानंतर लाउडस्पीकर बंद. सरकार वर्षातून फार तर पंधरा दिवस बारापर्यंत मुभा देऊ शकतं. गायक रंगात, मैदान रंगात, आणि घड्याळाकडे बघून हात वर करणारा एकच नतद्रष्ट माणूस, तो म्हणजे आपण. सगळ्यांचा राग झेलून शांत राहणं ज्याला जमतं त्यानंच यावं. शाळा, दिल्लीबिल्ली सगळं त्यानंतर. टाळ्यांची हौस असेल तर तिनं सरळ अभिनय करावा.

पैशाचं लपवत नाही. बॅकस्टेजला महिन्याचा पगार क्वचित, प्रयोगागणिक नाइट. मार्च २०२० मध्ये नाट्यगृहं बंद झाली तेव्हा पडद्यामागच्या माणसांचं काय झालं ते तू वाचलंच असशील, मी जवळून बघितलं. म्हणून माझा एक आगाऊ सल्ला आहे, ऐकून हसू नकोस: पदवी झाल्यावर तिला आयटीआयमध्ये इलेक्ट्रिशियनचा दोन वर्षांचा कोर्स करू दे. नाटकाच्या पदवीखाली हा दाखला असला की तिला कुठलंही थिएटर दारातून परत पाठवणार नाही. तुमच्या वरच्या मजल्यावरचे जोशी काय म्हणतील याची फिकीर तू करू नकोस, त्यांच्या घरचा पंखासुद्धा तीच दुरुस्त करेल.

प्रवेशाचे फॉर्म भरण्याआधी तिला आठवडाभर माझ्याकडे पाठव. एका मराठी हौशी संस्थेच्या तालमी चालू आहेत आणि मला प्रॉपर्टीचं टेबल लावायला माणूस हवाच आहे. काळे कपडे, बंद बूट, छोटी बॅटरी आणि पेन्सिल आणायला सांग. बॉलपेन नको, दिग्दर्शक रोज क्यू बदलतोय. झोपायला आमच्या माळ्यावरची खोली आहे, जेवणाची चिंता नाही. फक्त तालीम रात्री अकराला सुटते, हे वहिनींना आधी सांग, मग तिकीट काढ.

तुझा,
नाना