टेलरकाकांचे आभार, चिंध्यांसाठी आणि पाव इंचासाठी

काका,

देवगडातल्या तुमच्या दुकानातून मी गोधडीसाठी पोतंभर चिंध्या उचलून नेल्या, त्याचे पैसे तुम्ही घेतले नाहीत. निदान आभार तरी घ्या. चारचौघांसमोर मानते, म्हणजे नको म्हणता येणार नाही.

“गोधडेक माप कसला!” असं तुम्ही आधी हसलात. बरोबरच होतं. आपल्याकडे जुनी लुगडी एकावर एक अंथरायची, वर ठिगळं ठेवायची आणि सगळे थर मिळून धावदोरा घालायचा, की झाली गोधडी. मला मात्र आधी चौकोन जोडून गोधडीचा एकेक ठोकळा करायचा होता: अडीच इंचाचे नऊ तुकडे, पाच गडद, चार फिके. हे कागदावर काढून दाखवल्यावर तुम्ही हातातला ब्लाउज बाजूला ठेवलात. गिऱ्हाईक समोर बसलेलं असताना!

शिलाईत चारी बाजूंनी पाव इंच जातो, म्हणून अडीचाचा तुकडा जोडल्यावर दोन इंचांचा दिसतो आणि ठोकळा सहा इंचांचा होतो. हे गणित मला ठाऊक होतं. पण तो पाव इंच शेवटपर्यंत सरळ ठेवायचा कसा, ते तुम्ही दाखवलंत. सुईपासून पाव इंच मोजून मशीनच्या पत्र्यावर चिकटपट्टी लावलीत आणि म्हणालात, सुईकडे बघू नको, पट्टीकडे बघ. तीन तुकड्यांच्या एका ओळीत शिवणी दोनच. पण प्रत्येक शिवण अर्धा सूत (सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग) जास्त आत गेली तर दोन्ही तुकड्यांचं कापड खाते, आणि ठोकळा दोन सूत आखूड होतो. असे आठ ठोकळे शेजारी लावले की दोन इंच गायब. तुमचा हात खरं तर जास्त दाब, म्हणजे शिवणीच्या आत जादा कापड, ठेवायला सवयीचा, कारण माणूस जाड होतो. गोधडी होत नाही, हे तुम्हीच म्हणालात.

काप उभ्या-आडव्या धाग्यावरच घ्यायचा, तिरक्यावर चौकोन ताणतो, हेही तुमचंच.

इस्त्रीचं तर विशेष. वीज गेली होती, पायमशीन चालूच होतं, कोळशाची इस्त्री तुम्ही माळ्यावरून काढलीत. ती घासायची नाही, उचलून ठेवायची. शिवणीचे काठ गडद तुकड्याकडे वळवायचे. मग पहिल्या ओळीचे काठ बाहेर पडतात, दुसरीचे आत, आणि ओळी जोडताना ते एकमेकांत अडकून बसतात. चार कोपरे एका ठिपक्यात मिळाले तेव्हा गिऱ्हाईकसुद्धा उठून बघायला आलं. त्या ताईंचेही आभार. त्यांचा ब्लाउज माझ्यामुळे लांबला.

आता गडद तुकडे भरपूर आहेत, फिके संपत आलेत. सुती अस्तराच्या पट्ट्या उरल्या तर टाकू नका. आणि या वेळी पैसे घ्या.