ताटातले रंग आणि तुमची नातवंडे

तीर्थरूप आई व बाबा यांस,
शिरसाष्टांग नमस्कार.

येथील सर्व मंडळी खुशाल आहेत. शाळेतल्या रंगीत डब्यांचे पुढे काय झाले, असे आईने मागे फोनवर विचारले होते. ते सविस्तर सांगायचे राहून गेले, म्हणून हे पत्र.

शाळेने प्रत्येक वाराला एक रंग ठरवून दिला होता आणि त्या रंगाचा पदार्थ मुलांनी डब्यात आणावा, असा नियम केला होता. हेतू चांगलाच होता, परंतु लाल रंगाच्या दिवशी निम्म्या डब्यांतून जेली आणि पिवळ्याच्या दिवशी पाकिटातले वेफर निघू लागले. रंगांची नावे मुलांना बालवाडीतच येतात. तो रंग पदार्थात येतो कोठून आणि शिजवताना जातो कोठे, हे दाखवले तरच त्यांची नजर तयार होते, असे माझे मत आहे. त्यासाठी तक्ते लागत नाहीत, ओट्याजवळ एक स्टूल पुरते.

सुरुवात हळदीपासून केली. एका वाटीत पाणी आणि दुसरीत कोमट तेल घेऊन दोन्हींत चिमूटभर हळद टाकायला लावली. पाण्यात ती बरीचशी तळाशी बसली, तेल मात्र पिवळेजर्द झाले. मिरचीचा तांबडा रंगही असाच तेलात उतरतो, हे सांगितल्यावर मिसळीची तर्री तांबडी का दिसते आणि वर का तरंगते, याचे उत्तर मोठीने आपले आपणच दिले. पुढे धाकट्याच्या सदऱ्यावरचा हळदीचा डाग साबण लागताच लाल झाला, तेव्हा हळदीत चुना मिसळून कुंकू कसे करतात, हे मी त्याला समजावले. ‘म्हणजे कुंकू आधी पिवळे असते?’ असे म्हणून तो देव्हाऱ्यातल्या करंड्याकडे बराच वेळ संशयाने पाहत होता.

खरी मौज मात्र तुम्ही पाठवलेल्या आमसुलांनी केली. काळीभोर, सुरकुतलेली आमसुले पाण्यात पडली की प्रथम त्यांच्या कडेने लालसर रेघा सुटतात, मग सगळे पाणी गडद डाळिंबी होते आणि नारळाचे दूध घातले की सोलकढीचा तो ओळखीचा गुलाबी रंग येतो. आमसुलाची लाली आंबटपणावर टिकून असते; म्हणून थोडे पाणी वेगळे काढून त्यात खायचा सोडा टाकायला लावला, तर बघता बघता लाली जाऊन पाणी निळसर, मळकट झाले. हे कळल्यापासून मोठी तर परीक्षकच झाली आहे. एका खानावळीतून आणलेली सोलकढी तिला भलतीच गुलाबी वाटली, तेव्हा तिने वाटीभर काढून तीत सोडा घातला आणि रंग ढिम्म हलला नाही. बिटाचा रंग एवढ्याशा सोड्याला दाद देत नाही, त्यामुळे चोरी पकडली गेली. (चव वाईट नव्हती, हेही प्रामाणिकपणे सांगते.)

रंग फसवतोही, हे शिकवणे मला अधिक गरजेचे वाटते. सोडा घातलेली पालेभाजी हिरवीगार राहते, पण तिच्यातली काही जीवनसत्त्वे त्याच सोड्याने नष्ट होतात. उलट चिंच घातल्यावर अळूचे फदफदे शेवाळी दिसते, तरी चिंचेवाचून ते घशाला खाजणार. पिवळाधमक गूळ बाजूला सारून बाबा तपकिरी ढेप का निवडतात, हे आता दोघांनाही पटले आहे.

एक विनंती आहे. मे महिन्यात आम्ही येऊ तेव्हा आमसुले घालण्याचे काम मुलांच्या हातून व्हावे. लाल रातांबे, म्हणजे कोकमाची फळे, फोडून सोले (साली) वेगळी करणे, मिठाच्या रसात बुडवून ती पुन्हा पुन्हा उन्हात घालणे आणि प्रत्येक पुटागणिक ती काळी पडत जाताना पाहणे, हे येथे मला दाखवता येत नाही. बियाही टाकू नयेत. एवढ्या लालभडक फळाच्या बियांतून फिकट, पांढुरके मुठेल, म्हणजे कोकमाचे घट्ट तेल, निघते, यावर धाकट्याचा अजून विश्वास बसलेला नाही. परसातल्या झाडाचे थोडे रातांबे आमच्यासाठी राखून ठेवावेत आणि बाबांनी स्वतः झाडावर चढू नये, गडी बोलवावा.

मुलांचा दोघांना नमस्कार.

आपली,
ताई