नेलकटर हातात देणाऱ्या सिस्टरना

आदरणीय सिस्टर,

हे पत्र नुसतं तुमच्या पत्त्यावर पाठवलं असतं, तर तुम्ही ते वाचून घडी घालून बायबलात ठेवलं असतं आणि विषय संपला असता. म्हणून उघड लिहिते आहे. देवानं आपल्याला दारातून परत पाठवलं असं वाटून आज कुठल्या तरी घरात एखादी मुलगी बसली असेल, तिच्याही हाती ते पडावं.

मी अठराव्या वर्षी मठात गेले. आम्ही मूळ सावंतवाडीकडचे, म्हापशात स्थायिक झालेले, घरी मराठी बोलणारे ख्रिस्ती. दीड वर्षानं जिना चढताना धाप लागायला लागली. लहानपणी सांधे सुजून ताप आला होता, त्यानं हृदयाची झडप आखडली होती. दर तीन आठवड्यांनी पेनिसिलिनचं इंजेक्शन सुरू झालं. व्रतस्थ जीवन तुला झेपणार नाही असं सांगून मला घरी पाठवलं गेलं. त्याचं दुःख होतंच, पण निघताना कुणीतरी म्हणालं, "कदाचित तुला पाचारण नव्हतंच." म्हणजे देवाचं बोलावणंच नव्हतं. हे वाक्य मी आठ महिने उशाशी घेऊन झोपले. ट्रंक पलंगाखाली तशीच बंद होती. चर्चच्या पायरीवर बायका विचारायच्या, "सुट्टीवर आलीस का गं?" पुढे पुढे मी पहाटेच्या मिस्सेला शेवटच्या बाकावर बसायचे आणि आशीर्वाद संपायच्या आत बाहेर पडायचे.

त्या ट्रंकेतलं पांढरं कापड तुमच्या वृद्धाश्रमाला द्यायला आई मला घेऊन आली. पावसाळ्याचे दिवस होते. तुम्ही काहीच विचारलं नाहीत, सिस्टर. आजार नाही, मठ नाही. माझ्या हातात नेलकटर दिलंत आणि म्हणालात, "त्या खिडकीजवळच्या आजींची नखं काप. आधी पाय कोमट पाण्यात ठेव."

मधुमेह असलेल्या आजी होत्या त्या, पेडण्याच्या. अंगठ्याचं नख पिवळं, जाड, शिंगासारखं वळलेलं. तुम्ही पाणी आधी स्वतःच्या कोपरानं तपासलंत, कारण आजींच्या पायांना चटका कळत नव्हता. नख सरळ कापायचं, कोपऱ्यात खोल जायचं नाही, बोटांच्या बेचक्या टिपून कोरड्या करायच्या, हे सगळं तुम्ही शेजारी गुडघे टेकून दाखवलंत. दहा नखांना पाऊण तास लागला. तेवढा वेळ मी स्वतःचा विचार केला नाही. आठ महिन्यांत पहिल्यांदा.

मग आजींनी वर्तमानपत्र पुढे केलं. त्यांना मराठी वाचता यायचं, पण डोळ्यांत मोतीबिंदू. मी वाचायला लागले. मठात माझ्या मराठीची मला लाज वाटायची. सगळ्यांची प्रार्थना कोंकणीत, तीही रोमी लिपीत, आणि मी अडखळायचे. तुम्ही वसईच्या, घरी मराठीच बोलणाऱ्या, तुम्हाला ते न सांगताच कळलं. त्या संध्याकाळी तुम्ही फादर थॉमस स्टीफन्सची गोष्ट सांगितलीत. १५७९ मध्ये एक इंग्रज जेझुइट धर्मगुरू गोव्यात येतो, इथली भाषा शिकतो, मराठी ओव्यांत ख्रिस्तपुराण रचतो, आणि ते १६१६ मध्ये गोव्यातच, रायतूरला छापलं जातं. "त्यानं जे कष्टानं मिळवलं ते तुला आईकडून मिळालंय," तुम्ही म्हणालात. "ते कुणासाठी वापरायचं, ते बघ."

आणि १६ जानेवारीला, संत जुझे वाझ यांच्या सणाला, तुम्ही मला कदंबच्या बसनं सांकवाळला, त्यांच्या तीर्थस्थानी नेलंत. वाझ यांचं नाव मला लहानपणापासून पाठ होतं. बाणावलीला १६५१ मध्ये जन्म, २०१५ मध्ये कोलंबोला संतपद. पण मधलं आयुष्य कुणी सांगितलं नव्हतं. त्यांना श्रीलंकेला जायचं होतं. वरिष्ठांनी कानडा मुलखात पाठवलं. शेवटी १६८७ मध्ये वेश बदलून ते श्रीलंकेत पोचले, कारण किनाऱ्यावरच्या डच सत्तेनं कॅथलिक धर्मगुरूंना बंदी घातली होती. पोचल्या पोचल्या हगवणीनं अंथरुणाला खिळले. पुढे बेटाच्या आतल्या कँडी राज्यात हेर समजून कैद. आणि त्याच कँडीत १६९७ मध्ये देवीची साथ आली, लोक आजाऱ्यांना टाकून पळाले, तेव्हा हा माणूस त्यांना धुवत, भरवत, पुरत राहिला. परतीच्या बसमध्ये तुम्ही एवढंच म्हणालात, "अडवलेला माणूस कुठे कामाला येईल, ते आधी कळत नाही." मी खिडकीकडे तोंड करून रडले. तुम्ही रुमाल दिलात, सांत्वन केलं नाहीत. त्याबद्दल तुमचे विशेष आभार.

नर्सिंगचं पुढे तुम्हाला माहीतच आहे. पहिल्या वर्षी मी शरीररचनेच्या पेपरात नापास झाले, तेव्हा तुम्ही रात्रीच्या ड्युटीनंतर माझ्याकडून हाडांची नावं पाठ करून घेतलीत. झडप फुग्यानं रुंद केली, त्या दिवशी तुम्ही वॉर्डबाहेर रोझरी घेऊन बसला होतात, हे आईनं मला खूप उशिरा सांगितलं.

आज बारा वर्षं मी तुमच्याच त्या हॉलमध्ये काम करते. मी मठवासी झाले नाही, व्रतं घेतली नाहीत, आणि आता ते खुपत नाही. पहाटे साडेपाचला पहिला बेडपॅन उचलताना मी जी प्रार्थना करते, ती मराठीत असते. पाचारण म्हणजे ट्रंक भरून कुठेतरी जाणं, असं मी धरून चालले होते. तुम्ही मला जे दिलंत ते खिडकीजवळच्या पलंगापाशी होतं.

मागच्या महिन्यात फोनवर तुम्ही म्हणालात, हात आता फार थरथरतात, चमचा धरवत नाही. तेव्हापासून एक गोष्ट मनात आहे. रविवारी दुपारच्या बसनं मी येते. कोमट पाण्याचं तसराळं तेवढं काढून ठेवायला सांगा. नेलकटर मी आणते, तेच.

तुमची,
खिडकीजवळच्या आजींची मुलगी